पिवळ्या दिव्याची फिर्याद

बारामतीहून इंदापूरला जाणारा रस्ता भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी अशी गावे घेत सुमारे पन्नास किलोमीटर चालतो. आषाढवारीच्या दिवसांत याच रस्त्याने संत तुकाराम महाराजांची पालखी पंढरीकडे जाते, गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्यांची रांग कारखान्याकडे सरकत असते, आणि दवाखाना, कोर्टकचेरी, महाविद्यालय किंवा बाजार यांसाठी निघालेल्या कुटुंबांच्या मोटारी बारमाही या दोन तालुक्यांत ये-जा करतात. यांपैकी जी मोटार गेल्या दहा-बारा वर्षांत घेतलेली आहे, तिच्या मालकाला केव्हा ना केव्हा, गाडी सुरळीत धावत असताना आणि इंजिनाचा आवाज तिळमात्र बदललेला नसताना, डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागलेला दिसतो. या भागात त्याला 'चेक लाइट' म्हणतात. ती लागली की काही जण तिच्याकडे महिनोन्‌महिने काणाडोळा करतात, तर काही जण पहिल्याच गॅरेजपुढे गाडी उभी करून 'एवढी लाइट घालवून द्या' असे सांगतात. या दोन्ही रीतींत गाडीचे नुकसान होते आणि पैसाही जातो. दिवा लागल्यापासून दोष सापडेपर्यंत जी तपासणी व्हावयास हवी, तिचे स्वरूप सामान्य गाडीमालकाला कोणी समजावून सांगितलेले नसते, म्हणून हा लेख.

हा दिवा प्रथमतः मालकाच्या सोयीसाठी निर्माण झालेला नाही. त्याचा जन्म धुरातून झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर तपकिरी धुके साचू लागले. डोळे चुरचुरत आणि पिके करपत. हेगन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास दाखवून दिले की, मोटारी आणि तेलशुद्धीकरण कारखाने यांतून निघणाऱ्या वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे धुके बनते. पुढे कॅलिफोर्नियाच्या हवा-संरक्षण मंडळाने एक निराळाच प्रश्न विचारात घेतला. कारखान्यातून निघताना स्वच्छ असलेली गाडी पाच वर्षांनी धूर ओकू लागली, तर ते कळावे कोणाला? तेव्हा गाडीनेच स्वतःवर पाळत ठेवावी आणि बिघाड होताच चालकाला सूचना द्यावी, अशी तजवीज त्या मंडळाने १९८८ च्या मॉडेलांपासून सक्तीची केली. १९९६ पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना एकाच धर्तीचे सोळा पिनांचे सॉकेट आणि एकाच पद्धतीचे दोषांक बंधनकारक झाले. युरोपात पेट्रोल गाड्यांना हाच नियम २००० नंतरच्या पहिल्या वर्षांत लागू झाला.

आपल्याकडे ही व्यवस्था भारत स्टेज चार या गाड्यांच्या धुराविषयीच्या प्रमाणकासोबत आली. १ एप्रिल २०१० रोजी ज्या तेरा शहरांत ते प्रमाणक प्रथम अमलात आले, त्यांत पुणे होते आणि सोलापूरही होते. म्हणजे पुणे-सोलापूर महामार्गाची दोन्ही टोके नव्या कायद्याखाली गेली आणि मधले भिगवण, इंदापूर आणि आडबाजूचे बारामती हे मात्र काही वर्षे जुन्याच प्रमाणकाखाली राहिले. २०१३ पासून स्वनिदानाची अधिक कडक, दुसऱ्या टप्प्याची व्यवस्था आली, १ एप्रिल २०१७ रोजी स्टेज चार साऱ्या देशाला लागू झाले, आणि १ एप्रिल २०२० रोजी, मधला पाचवा टप्पा गाळून, स्टेज सहा आले. आता एमएच ४२ या बारामतीच्या क्रमांकाची कोणतीही नवी मोटार घ्या, तिच्यात ही पाळत जन्मतःच बसविलेली असते.

इंदापूर तालुक्याचे मोटारीशी नाते मात्र याहून पुष्कळ जुने आहे, आणि ते येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्यांच्या नावाने तालुक्यातील वालचंदनगर वसले, त्या वालचंद हिराचंद यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, आणि तिच्या मुंबईच्या कारखान्यातून पुढे फियाट व पद्मिनी या गाड्या बाहेर पडल्या. त्या गाड्यांत पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण कार्बोरेटर करी, ठिणगीची वेळ डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट ठरवी, आणि बिघाड कळण्याचे साधन फिटरचे कान, नाक व बोटे एवढेच असे. आयडलचा स्क्रू पाव फेरा फिरवून इंजिनाचा सूर जुळवणारी ती पिढी अजून बारामती आणि इंदापूर या दोन्ही गावांत आहे. नव्या यंत्रणेने तिचे ज्ञान रद्दबातल केले, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

आजच्या पेट्रोल इंजिनात मिश्रणाचा हिशोब एक लहानसा संगणक ठेवतो. आत येणारी हवा किती, ती किती उष्ण, थ्रॉटल किती उघडा, क्रँकशाफ्ट किती वेगाने फिरतो, पाणी किती तापले आहे, हे सारे सेन्सर त्याला क्षणोक्षणी कळवितात, आणि त्यावरून प्रत्येक इंजेक्टर किती सहस्रांश सेकंद उघडावयाचा हे तो ठरवितो. निव्वळ पेट्रोलच्या एका भाग वजनाला हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात. हिशोब बरोबर उतरला की नाही, याची साक्ष सायलेन्सरच्या पाइपात बसविलेला ऑक्सिजन सेन्सर देतो. जळून बाहेर पडणाऱ्या वायूत ऑक्सिजन अधिक उरला तर मिश्रण पातळ झाले, म्हणजे इंधन कमी पडले. अगदीच उरला नाही तर मिश्रण दाट झाले. त्या साक्षीप्रमाणे संगणक इंधन किंचित वाढवितो किंवा घटवितो, आणि ही वाढघट किती टक्के करावी लागली याची नोंद ठेवतो. या नोंदीला गॅरेजच्या बोलीत 'फ्युएल ट्रिम' म्हणतात. ती शून्याच्या आसपास, पाच-सात टक्क्यांच्या आत खेळत असेल तर इंजिन निरोगी समजावे. ती वीस-पंचवीस टक्क्यांच्या आसपास जाऊन तेथेच स्थिरावली, तर संगणक हात टेकतो आणि दिवा लावतो.

येथे बारामती-इंदापूरच्या वाचकाला विशेष जिव्हाळ्याची अशी एक गोष्ट येते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर या ठिकाणचे कारखाने ज्या उसावर उभे आहेत, त्या उसापासूनच इथेनॉल होते, आणि ते पेट्रोलात मिसळले जाते. देशात दहा टक्के मिश्रणाचा टप्पा २०२२ साली गाठला गेला, आणि वीस टक्क्यांचे मिश्रण २०२३ पासून पंपांवर येऊ लागून पुढील दोन वर्षांत सर्वत्र पसरले. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचाच ऑक्सिजन असतो. त्यामुळे त्याच्या एका भागाला हवेचे नऊच भाग पुरतात, आणि वीस टक्के मिश्रणाला सुमारे साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी निव्वळ पेट्रोलच्या मानाने सात-आठ टक्के इंधन अधिक सोडावे लागते. जी गाडी दहा टक्के मिश्रण गृहीत धरून जुळविलेली आहे तिला, वीस टक्क्यांच्या पेट्रोलवर, तीन-चार टक्क्यांची जादा भर घालावी लागते. एवढ्याने दिवा लागत नाही. परंतु ज्या जुन्या गाडीत आधीच कोठे हवेची बारीक गळती असेल किंवा इंजेक्टर अर्धवट चोंदलेला असेल, तिच्या हिशोबात या तीन-चार टक्क्यांची भर पडून मर्यादा ओलांडली जाऊ शकते. 'पेट्रोलच खराब' म्हणून हात झटकणारा आणि 'पेट्रोलचा काही संबंध नाही' म्हणून हात झटकणारा, हे दोघेही ट्रिमचा आकडा पाहावयाचे टाळतात. शिवाय इथेनॉल हवेतील पाणी ओढून घेते आणि जुन्या टाकीतील साचलेला मळ सोडवते. म्हणून फार काळ उभ्या असलेल्या जुन्या गाडीचा फ्युएल फिल्टर एकदा पाहून घेणे इष्ट.

दोष आढळताच दिवा लागतो असेही नाही. पुष्कळशा दोषांच्या बाबतीत संगणक पहिल्या वेळी नुसती कच्ची नोंद करतो. गाडी बंद करून पुन्हा चालविल्यावर तोच दोष पुन्हा दिसला तर नोंद पक्की होते आणि दिवा पेटतो. त्याच वेळी तो एक अत्यंत मोलाचा दस्तऐवज तयार करतो. दोष घडला त्या क्षणी गाडीचा वेग, इंजिनाचे फेरे, पाण्याचे तापमान, इंजिनावरील भार आणि ट्रिमचे आकडे काय होते, हे सर्व तो गोठवून ठेवतो. याला 'फ्रीझ फ्रेम' म्हणतात. दोष थंड इंजिनावर उद्भवला की तापलेल्या, उभ्या गाडीत की चढावर, हे त्यातून कळते. हा दस्तऐवज न वाचता दोषांक, म्हणजेच कोड, पुसून टाकणे म्हणजे तपास सुरू होण्यापूर्वीच पंचनामा जाळणे होय.

कोड हा पाच चिन्हांचा असतो. पहिले अक्षर पी असेल तर दोष इंजिन किंवा गिअरबॉक्सकडचा. बी, सी आणि यू ही अक्षरे अनुक्रमे बॉडी, चासी आणि संगणकांची आपापसांतील दळणवळणाची. त्यापुढचा आकडा शून्य असेल तर कोड सर्व कंपन्यांना समान, आणि एक असेल तर बहुधा त्या कंपनीचा खासगी. तिसऱ्या चिन्हावरून खाते कळते: एक व दोन म्हणजे इंधन आणि हवा, तीन म्हणजे ठिणगी, चार म्हणजे धुराच्या नियंत्रणाची साधने. ही माहिती आता कोणालाही मोबाइलवर मिळते. काही शे रुपयांचे ब्लूटूथ उपकरण स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावले की पडद्यावर कोड उमटतो, आणि त्याच्यापुढे एका सुट्या भागाचे नाव असते. सारा घोटाळा तेथून सुरू होतो. पोलिस ठाण्यात जसा फिर्याद देणारा निराळा आणि कसूर करणारा निराळा असतो, तसेच येथे आहे. कोडात ज्या सेन्सरचे नाव येते तो बहुतेक वेळा फिर्यादी असतो, आणि मालक त्यालाच आरोपी समजून बदलून टाकतो. नवा सेन्सर बसतो, आठ दिवसांनी तोच दिवा पुन्हा लागतो, कारण नवा फिर्यादीही तीच फिर्याद देतो.

मग निदान कसे होते? समजा लासुर्ण्याची एक चार सिलिंडरची गाडी पी ०३०२ हा कोड घेऊन आली. याचा अर्थ दुसऱ्या सिलिंडरमध्ये ठिणगीच्या वेळी ज्वलन होत नाही, म्हणजे गाडी मिसफायर मारते. क्रँकशाफ्टचा वेग त्या सिलिंडरच्या पाळीला किंचित मंदावतो, त्यावरून संगणकाला हे कळते. कारण मात्र त्याला कळत नाही. प्लग झिजला असेल, कॉईल गेली असेल, इंजेक्टर चोंदला असेल किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नसल्यामुळे दाबच तयार होत नसेल. जाणता फिटर येथे एक पैसाही खर्च न करता पहिला प्रश्न सोडवितो. तो दुसऱ्या सिलिंडरची कॉईल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवितो, कोड पुसतो आणि गाडी चालवून आणतो. कोड आता पी ०३०३ आला, म्हणजे दोष कॉईलबरोबर तिसऱ्या सिलिंडरकडे गेला, तर कॉईलच सदोष ठरली. कोड जागचा हलला नाही तर कॉईल निर्दोष सुटली. मग हाच प्रयोग प्लगचा. प्लग काढला की त्याचा रंगही बोलतो: फिकट तपकिरी असेल तर ठीक, काजळीने काळा आणि ओला असेल तर इंधन येते पण जळत नाही. त्यानंतर कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडरांचे दाब मोजावयाचे, आणि ते सारखे निघाले तर इंजेक्टरकडे वळावयाचे. आधी स्वस्त आणि संभाव्य कारणे, मग महाग आणि विरळ. प्रत्येक पायरीवर एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर पडताळा. शास्त्रीय पद्धत म्हणतात ती हीच, आणि तेलाने माखलेल्या हातांनी ती भिगवणच्या नाक्यावरही पाळता येते.

दुसरे उदाहरण पी ०१७१ चे, म्हणजे मिश्रण पातळ असल्याच्या तक्रारीचे. ऑक्सिजन सेन्सर येथे फिर्यादी आहे आणि तो बहुधा खरे बोलत आहे. प्रश्न असा की हवा अधिक येते आहे की इंधन कमी? याचे उत्तर ट्रिमचे आकडे देतात. उभ्या गाडीत, आयडलवर, भर वीस टक्के असून रेस वाढवून फेरे अडीच हजारांवर नेताच ती चार-पाच टक्क्यांवर येत असेल, तर मॅनिफोल्डजवळ कोठेतरी भेगाळलेल्या रबरी पाइपातून चोरटी हवा आत शिरते आहे. कारण आयडलवर आतील पोकळी तीव्र असते व एकूण हवा थोडी, म्हणून तेवढीशी गळतीही मोठी भासते. याउलट आयडलवर आकडे बरे, पण चढावर आणि वेगात भर वाढत जात असेल, तर इंधनाचा पुरवठा अपुरा आहे: पंप थकला आहे, फिल्टर भरला आहे, किंवा हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर धूळ बसून तो आलेली हवा कमी सांगतो आहे. ऊसतोडीच्या काळात शेतरस्त्यांवरून फिरणाऱ्या गाड्यांत, विशेषतः एअर फिल्टरचे झाकण नीट न बसविलेले असल्यास, हे शेवटचे कारण लक्षात ठेवावे. फुटलेला पाइप दोन-तीनशे रुपयांत येतो. तो न शोधता ऑक्सिजन सेन्सर बदलला तर कित्येक हजार जातात, आणि तक्रार राहतेच.

तिसरा कोड, पी ०४२०, सर्वांत महाग गैरसमज घडवितो. सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचा डबा असतो. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा लेप दिलेल्या जाळीतून वायू जातात आणि त्यांतील विषारी अंश निवळतो. डब्याच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. पुढच्याचा विद्युतदाब व्होल्टाच्या एक दशांशापासून नऊ दशांशांपर्यंत सतत वरखाली होतो, आणि डबा आपले काम करीत असेल तर मागच्याचा जवळपास स्थिर राहतो. मागचाही पुढच्यासारखाच नाचू लागला की संगणक डबा निकामी झाल्याची नोंद करतो. परंतु डब्याच्या अलीकडे सायलेन्सरच्या जोडाला बारीक भोक असेल आणि तेथून बाहेरची हवा आत ओढली जात असेल, तरी हेच दृश्य दिसू शकते. आणि डबा खरोखरीच मेला असला तरी तो बहुधा एकटा मरत नाही; महिनोन्‌महिने मिसफायर मारणाऱ्या इंजिनाचे न जळलेले पेट्रोल त्यात जळून त्याची जाळी वितळलेली असते, किंवा पिस्टन रिंगांतून वर येणाऱ्या ऑइलने तिचा लेप झाकलेला असतो. मूळ कारण न काढता नवा डबा बसविणे म्हणजे त्यालाही त्याच वाटेने पाठविणे. म्हणूनच पिवळा दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल तर तो गंभीर समजावा: डब्याला इजा होईल एवढा मिसफायर चालू आहे, असा त्याचा अर्थ असतो. अशा वेळी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलावा, गाडी कडेला घ्यावी आणि पुढचा प्रवास दुसऱ्या वाहनाने करावा. दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट ओढत असेल तर बेताच्या वेगाने घरी किंवा गॅरेजपर्यंत जाण्यास हरकत नसते. ऑइलच्या दाबाचा किंवा तापमानाचा लाल दिवा ही निराळी बाब आहे. तो लागताच इंजिन तेथेच बंद केले पाहिजे.

डिझेल गाड्यांचे दुखणे बहुधा काजळीचे. स्टेज सहाच्या डिझेल मोटारीत काजळी अडविणारा फिल्टर असतो, आणि त्यात साठलेली काजळी सुमारे सहाशे अंश तापमानाला जाळून तो स्वतःला साफ करतो. गाडी गावातून बाजारापर्यंत चार-सहा किलोमीटर जाऊन पुन्हा उभी राहत असेल, तर ते तापमान कधीच येत नाही, फिल्टर भरतो, आधी त्याचा स्वतःचा सूचक दिवा आणि त्याकडे दुर्लक्ष झाल्यास इंजिनाचा दिवा लागतो, आणि गाडीचा पिकअप जातो. पहिल्या सूचनेच्याच वेळी भिगवण ते इंदापूर महामार्गावर, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या वेगाने, वीसएक मिनिटे न थांबता गाडी चालविली तर पुष्कळदा फिल्टर आपोआप मोकळा होतो. ही वेळ गेली की काम गॅरेजचे होते.

उसाच्या मुलखात आणखी एक कारण आहे, ज्याचा उल्लेख परदेशी पुस्तकांत क्वचितच सापडतो. फडातील ऊस तुटला की तेथील उंदीर आणि घुशी आसरा शोधत वस्तीकडे येतात, आणि रात्री ऊबदार बॉनेटखाली शिरून वायरिंग कुरतडतात. अशा वेळी कोडाच्या वर्णनात 'सर्किट' हा शब्द बहुधा असतो. सेन्सरचे माप चुकले असे संगणक म्हणत नाही, त्याच्याकडून निरोपच येत नाही, असे तो म्हणतो. हा शब्द दिसला की सेन्सर बदलण्याचा विचार बाजूला ठेवून प्रथम बॉनेट उघडावे, टॉर्च घेऊन तारा पाहाव्यात, आणि सेन्सरच्या तारेचा जॅक काढून त्यात हिरवा गंज चढला आहे काय ते पाहावे. येथे जुन्या फिटरची नजर आणि बोटे स्कॅनरच्या पुढे असतात. ज्या गॅरेजात स्कॅनर धरणारा आयटीआयचा तरुण मुलगा आणि शिट्टीसारख्या आवाजावरून हवेची गळती ओळखणारे वडीलधारे फिटर एकत्र काम करतात, तेथे निदान सर्वांत लवकर होते, असे माझे निरीक्षण आहे. सीएनजीचे किट मागाहून बसविलेल्या गाडीत मात्र पहिली चौकशी किटचीच व्हावी: दिवा गॅसवर लागतो की पेट्रोलवर, एवढ्या एका प्रश्नाने निम्मा तपास होतो.

बॅटरीची तार काढून पुन्हा लावली की दिवा जातो, ही युक्ती सर्वश्रुत आहे आणि ती घातक आहे. तिने कोड जातो, गोठवलेला दस्तऐवज जातो, शिकून ठेवलेले ट्रिमचे आकडे जातात. दोष तेवढा राहतो. जुनी गाडी विकताना ही युक्ती विशेष वापरली जाते, म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याने दोन गोष्टी पाहाव्यात. चावी फिरविल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, पिवळा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू होताच गेला पाहिजे. मुळीच लागत नसेल तर कोणीतरी तो बंद करून ठेवला आहे. दुसरे, स्कॅनरवर 'रेडिनेस' नावाचे पान उघडावे. गाडीच्या कोणकोणत्या आत्मपरीक्षा पूर्ण झाल्या आहेत हे तेथे दिसते, आणि बहुतेक अपूर्ण असतील तर कोड नुकतेच पुसलेले आहेत असे समजावे.

आता पैशाची गोष्ट, आणि या संबंध विषयात मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्याकडे गाडीमालक सुट्या भागाचे पैसे देतो, बसविण्याची मजुरी देतो, पण दोष शोधण्याचे पैसे मागितले की 'नुसते बघितले, त्याचे कसले पैसे' असे म्हणतो. फिटरने दोन तास खपून दोनशे रुपयांचा पाइप शोधला, तर त्याच्या पदरात पाइपापुरतेच पडते. न शोधता सेन्सर बदलला तर भागावरचा नफाही मिळतो आणि मालकही काहीतरी नवे बसले म्हणून समाधानाने जातो. अशा व्यवहारात प्रामाणिक निदान टिकावे कसे? निदानाची मजुरी आधी ठरवावी, ती आनंदाने द्यावी, आणि तिच्या मोबदल्यात कोड कोणता होता, फ्रीझ फ्रेम काय सांगत होती, कोणती चाचणी केली आणि तिचा निष्कर्ष काय, हे बिलावर लिहून मागावे. बदललेला जुना भाग परत मागावा. गाडी वॉरंटीत असेल तर कोणी वायर कापण्यापूर्वी ती अधिकृत केंद्रातच न्यावी आणि जॉबकार्डावर आपली तक्रार आपल्याच शब्दांत नोंदवून घ्यावी. मालकाचीही एक जबाबदारी आहे: दिवा केव्हा लागला, गाडी थंड होती की तापलेली, शेवटचे इंधन कधी भरले, ॲव्हरेज घटले काय, धक्के मारते काय, आणि त्यापूर्वीच्या आठवड्यात गाडीचे कोणते काम झाले, ही कैफियत त्याने काही न लपविता सांगितली पाहिजे. धुण्याच्या वेळी इंजिनावर पाण्याचा झोत मारला होता, एवढी एक गोष्ट वेळेवर कळली तर फिटरचा अर्धा दिवस वाचतो.

दुरुस्ती झाल्यावर स्कॅनरने कोड पुसता येतो. न पुसला तरी, ओळीने तीन प्रवासांत तो दोष पुन्हा आढळला नाही तर संगणक दिवा स्वतःच विझवितो. नोंद मात्र लगेच जात नाही. इंजिन थंड होऊन पुन्हा पूर्ण तापण्याची सुमारे चाळीस आवर्तने दोषाविना पार पडली, म्हणजेच ती दफ्तरातून निघते. म्हणून गॅरेजातून गाडी घेताना दिवा विझलेला पाहून हिशोब मिटवू नये. आठ-दहा दिवस, थोडे गावात आणि थोडे महामार्गावर, नेहमीप्रमाणे गाडी चालवावी, मग त्याच फिटरकडे जाऊन स्कॅनर पुन्हा लावून घ्यावा, कच्च्या नोंदींचे पान उघडण्यास सांगावे आणि ट्रिमचा आकडा शून्याजवळ आला आहे काय, ते स्वतः पाहावे.